उलटं आभाळ

बायंडिंगच्या कारखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्याचा संबंध एवढाच, की ती त्यानं सातवीत सोडली होती. छापून आलेल्या कागदांना घड्या घालायच्या, ते क्रमानं एकात एक बसवायचे आणि पिना मारायच्या, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. पलीकडच्या मशीनवर कटिंगवाला पुस्तकांच्या कडा कापायचा. मशीनपेक्षा त्याची जीभ जास्त चालते, असं मास्तरचं मत. दोघं एका डब्यातून जेवायचे आणि जेवताना एकमेकांची उणीदुणी काढायचे. लोक याला मैत्री म्हणत. त्या दोघांनी हा शब्द कधी तोंडात घेतला नव्हता.

मास्तरच्या डोळ्यांवर वर्षभरात साय धरत चालली होती. बायकोलाही त्यानं सांगितलं नव्हतं. पण कटिंगवाल्यापासून काय लपणार? मास्तरचा प्रत्येक गठ्ठा कापण्याआधी तो चाळून बघायचा, आणि एखादा कागद उलटा लागला असेल तर पिना उचकटून गुपचूप सुलटा करायचा. एक दिवस मास्तरनं त्याला पकडलं. कटिंगवाला म्हणाला, एकदा डोळे दाखवून ये. मास्तर म्हणाला, तू तुझी कात्री सांभाळ. आजपासून माझ्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही. त्या दिवसापासून डबेही वेगळे झाले.

नेमकं तेव्हाच ते लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक आलं. दोन मित्र यानातून चंद्रावर निघतात, वाटेत एकाची दोरी सुटते, आणि दुसरा त्याला शोधून परत आणतो. मधल्या कागदावर अक्षर नाही, आकडा नाही. पुढूनमागून काळंभोर आभाळ, चांदण्या आणि अगदी खालच्या कडेला नखाएवढा तो हरवलेला मित्र. पोरांनी त्याला शोधायचं. आभाळाला वरखाली नसतं, हे शास्त्रज्ञांना ठीक आहे. बायंडरला ते परवडत नाही.

मास्तरनं त्या कागदांचा सगळा गठ्ठाच उलटा घेतला. पुस्तकाच्या वरच्या बाजूनं बोटभर कागद कापला जातो, खालून जेमतेम. आता तिथं मित्र आला होता. कटिंगवाल्यानं गठ्ठा न चाळता मशीन चालवलं. मनाई म्हणजे मनाई.

चार दिवसांनी एका शाळेतून फोन आला. सगळा वर्ग त्या मित्राला शोधतोय, तो सापडत नाही, आणि दोन पोरं रडतायत. मालकीणबाई पुस्तक घेऊन खाली आल्या. ज्याच्या हातून हे झालं त्यानं उद्यापासून येऊ नये, एवढंच त्या बोलल्या.

"माप माझं चुकलं, बाई," कटिंगवाला म्हणाला.

घर, बायको, हे टेबल, सगळं मास्तरच्या डोळ्यांपुढून गेलं. तेवढं मात्र स्वच्छ दिसलं. बाई वर निघून गेल्या. कटिंगवाला मशीन पुसायला लागला. नेहमी फडक्याचे दोन हात मारून मोकळा होणारा माणूस त्या दिवशी कोपरान्‌कोपरा पुसत होता.

मास्तर उठला, कोपऱ्यातल्या रद्दीच्या पोत्यात हात घालून काळ्या पट्ट्यांची मूठ काढली आणि जिना चढला. त्याला वर जाताना बघून कटिंगवालाही फडकं टाकून मागोमाग गेला.

"त्याचं माप बरोबर होतं," मास्तरनं एक पट्टी बाईंच्या टेबलावर ठेवली. "आभाळ मी उलटं लावलं. कापला गेलेला मित्र हा इथं आहे."

बाईंनी चष्मा लावला. "कुठं? दाखवा."

मास्तरनं बोट ठेवलं. बाईंनी पुन्हा विचारलं, "कुठं?" तेव्हा त्याला कळलं, की बोटाखाली नुसती चांदणी आहे.

मागून कटिंगवाल्याचा हात आला. त्यानं मास्तरचं बोट धरलं आणि पट्टीवरून दोन इंच डावीकडे सरकवलं.

"किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

मास्तरनं बोट उचललं नाही. "वर्ष झालं," तो म्हणाला.