वेल्माची सप्टेंबरची परीक्षा

वेल्मा थोरार्सनला आमच्या टॅमरॅक गावात सगळे ‘मास्तरीण’ म्हणायचे. ती कुठल्याच शाळेत शिकवत नव्हती. सकाळी वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे चोळायची, संध्याकाळी गावच्या आइस हॉकी संघातल्या पोरांचे घोटे आणि खांदे बांधायची. बावीस वर्षं हेच. दर सप्टेंबरला, मोसम सुरू व्हायच्या आधी, ती प्रत्येक खेळाडूची परीक्षा घ्यायची. त्यावरून हे नाव पडलं.

ती ठरलेल्या छापील यादीतले दहा शब्द वाचून दाखवी, ते पाच मिनिटांनी परत सांगायचे. वर्षाचे महिने उलटे म्हणायचे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. धडधाकट डोक्याचे हे गुण कागदावर राहत. पुढे कुणाचं डोकं आपटलं की तीच परीक्षा पुन्हा घ्यायची आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. गुण घसरले तर मेंदूला हादरा बसलाय, बर्फावर उतरायचं नाही.

पोरांनी यावर उपाय काढला होता. सप्टेंबरात मुद्दामच कमी गुण मिळवायचे. मग जानेवारीत डोकं बधिर झालं तरी तेवढे कसेही मिळतात. जुने खेळाडू नव्यांना बसच्या मागच्या बाकांवर तयार करत.

“अरे ढ, सगळेच चुकवू नकोस, तिला कळेल! चार सांग, सहा विसर.”

“मार्चच्या आधी काय येतं?”

“तुझी आजी येते! सप्टेंबरात तेच सांग.”

पुढच्या बाकावर वेल्मा विणत बसलेली असे. तिला सगळं ऐकू यायचं आणि हसूही यायचं. कागद काय, नियमासाठी भरायचा. खरंच कुणाला लागलं तर डोळ्यांत बघून मला कळेलच, असं तिला वाटे. बावीस वर्षं कळतही आलं होतं.

ट्रेंट कोस्तीनिक आमच्या तळघरातल्या खोलीत राहायचा. त्याचं घर उत्तरेला चारशे किलोमीटरवर, आणि लांबून आलेली पोरं गावात कुणाच्या ना कुणाच्या घरी राहतातच. एकोणीस वर्षांचा होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सामन्यात एकाचा खांदा त्याच्या जबड्यावर बसला आणि डोकं मैदानाभोवतीच्या काचेवर आपटलं. तो आपला आपण उठला आणि दुसऱ्याच संघाच्या बाकाकडे निघाला. सगळं स्टेडियम हसलं. वेल्मा हसली नाही.

तिसऱ्या दिवशी परीक्षा होती. शब्दांच्या सगळ्या याद्या पोरांच्या फोनमध्ये होत्याच. आदल्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी त्याच्याकडून त्या म्हणून घेतल्या. बाहेरच्या बर्फाचा उजेड त्याच्या डोळ्यांना टोचत होता. मी पडदा ओढला आणि पुढचा शब्द विचारला.

सप्टेंबरात त्याला दहापैकी चार गुण होते. आता दहाच्या दहा. महिने त्यानं एका दमात उलटे म्हटले.

“बघ!” प्रशिक्षक लॉयड फ्रीसेन म्हणाला. “टाळकं आपटून पोरगं हुशार झालं. बाकीच्यांनाही एकेकदा आपटू या का?”

“लॉयड, मार बसून कुणाचे गुण वाढत नसतात.”

“डॉक्टरनं कागद बघून सही केलीय. तू कोण लागून गेलीस?”

वेल्मा ट्रेंटकडे वळली. “आता माझे शब्द. पोतं, बदक, साबण, पूल, कंदील. सांग.”

“पोतं,” ट्रेंट म्हणाला. पुढचा शब्द त्याला सापडेना. “मास्तरीणबाई, हे यादीत नाहीयेत.”

“नाहीतच.”

“मग हे धरायचे नसतात.”

तिनं त्याला खेळू दिलं नाही. कारण आपल्या वहीत लिहून ठेवलं. शनिवारचा सामना आम्ही हरलो, आणि तिच्या गाडीच्या काचेवरच्या बर्फात कुणीतरी बोटानं ‘मास्तरीण नापास’ असं लिहिलं.

दहा जानेवारीला संघासंघांमधली खेळाडूंची अदलाबदल बंद होते. नऊ तारखेला लॉयडनं ट्रेंटला पश्चिमेकडच्या एका संघाला देऊन टाकलं. मधले दिवस का खेळला नाही, तर म्हणे ताप होता. ट्रेंटबरोबर ते दोन कागद आणि डॉक्टरची सही गेली. वेल्माची वही वेल्माकडेच राहिली.

तिनं त्या संघाला फोन केला. तिथं तिचंच काम करणारी एक तरुण मुलगी होती.

“पण बाई, सप्टेंबरचे चार गुण तुम्हीच दिलेत ना? खाली सही तुमचीच आहे.”

“ते गुण खोटे आहेत.”

“सही करताना माहीत होतं तुम्हाला?”

“होतं.”

“मग मी यातलं काय खरं धरू?” मुलीनं विचारलं. तिचा आवाज उद्धट नव्हता, हे वेल्मानं मला नंतर दोनदा सांगितलं.

तिथल्या पाचव्या सामन्यात ट्रेंट पडला, आणि या वेळी उठला नाही. जगला. आता आईकडे असतो. त्याच्या शर्टाची बटणं ती लावते.

वसंतात संघानं वेल्माला पुढच्या मोसमासाठी बोलावलं नाही. जूनमध्ये ट्रेंटची आई ग्लेनिस त्याचं उरलेलं सामान न्यायला आमच्याकडे आली. ते कळून वेल्माही आली आणि दारातच उभी राहिली.

“तूच ना त्याला बसवून ठेवणारी?” ग्लेनिस म्हणाली. “फोनवर केवढ्या शिव्या घालायचा तुला. मीही घातल्या.”

“त्यांना फोन केला होता मी.”

“त्यांना केलास. मला का नाही केलास?”

ग्लेनिस तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“एवढं लागलं होतं, तर त्या परीक्षेत पास कसा झाला?”

“ही पोरं शब्द पाठ करतात,” वेल्मा म्हणाली. “मला माहीत होतं. दर वर्षी माहीत असायचं. चूक माझीच.”

ग्लेनिसनं मान हलवली, जणू एवढंच ऐकायला ती चारशे किलोमीटर आली होती. मी त्याच्याकडून याद्या म्हणून घेतल्या होत्या, त्याच टेबलावरून ट्रेंटच्या पुस्तकांचं खोकं उचललं, त्या दोघींच्या मधून वाट काढत बाहेर गेले आणि ते गाडीत नेऊन ठेवलं.