एकाची जागा

"जरा सरका. एकाची जागा सोडा."

लग्नात ग्रुप फोटोची वेळ आली की चाचा पंजा आडवा धरून असं म्हणायचे आणि दोन माणसांमध्ये बरोबर एका माणसाएवढी फट पाडायचे. नवख्याला कळायचं नाही. आमच्या पनवेल-उरणकडच्या घरांना लगेच कळायचं. ज्याला आखातातून रजा मिळाली नाही, त्या मुलासाठी ती जागा. तो तिकडून मोबाइलवर आपला फोटो पाठवायचा आणि चाचा माझ्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर त्याला त्या फटीत आणून उभा करायचे. इतका बेमालूम की पुढे त्याची आईसुद्धा पाहुण्यांना सांगायची, "आला होता ना, एका दिवसासाठी."

स्टुडिओ माझा. फुटपाथवर पासपोर्ट फोटो काढण्यापासून सुरुवात करून भांडत भांडत उभा केलेला. लेन्स असो की कोथिंबिरीची जुडी, सांगितलेल्या भावात मी आजवर काही घेतलेलं नाही. चाचांचं उलटं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम कमी पगार सांगितला, पुढे चढवायच्या तयारीने. त्यांनी मान डोलावली आणि रुमालाने माऊस पुसून कामाला बसले. घासाघीस न करणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला कधीच कळलं नाही. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल.

"चेहरा कुणीही चिकटवेल, शेठ," ते म्हणायचे. "उजेड बघा. सावली खोटी पडली की माणूस खोटा."

त्यांच्या मुलीच्या निकाहचे फोटो मीच काढले. नवरीशेजारी उभं राहताना चाचांनी स्वतःच पंजा आडवा धरला आणि आपल्या डाव्या बाजूला जागा सोडली. चाची आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांचा धड असा एकच फोटो उरला होता, पासपोर्टचा.

तेव्हापासून दुपारी डबा झाला की चाचा त्या फोटोची फाइल उघडायचे. वर्षं गेली. मी चिडवायचो, "काय चाचा, दुसऱ्यांची पोरं दहा मिनिटांत उभी करता. चाची अजून तयारच होतायत?"

"नाय ना शेठ. उजेड जुळत नाही."

मग नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. नवं विकत मिळतच नाही म्हणे. दर महिन्याला पैसे भरायचे, थांबलात की बंद. म्हणजे माझ्या दुकानात, माझ्या टेबलावर, मीच भाडेकरू! कंपनीला फोन लावला. वर्षाचे एकदम देतो, किती सोडाल?

"सर, किंमत सगळ्यांना सारखीच आहे," पलीकडची मुलगी म्हणाली.

"साहेबांना द्या."

"सर, साहेबही कमी करू शकत नाहीत."

चाचा तोंडावर रुमाल धरून हसत होते. "शेठ, मशीनशी कसला सौदा?"

दोन वर्षं दात-ओठ खात भरले. मग कंपनीने भाव वाढवला आणि माझं डोकं फिरलं. बंद करून टाकलं. एक फुकटातलं सॉफ्टवेअर आणून बसवलं. पासपोर्टचं काम त्यावर होत होतं. चाचांची ती फाइल मात्र त्यात उघडेना. दुपारी दोन-तीनदा त्यांनी प्रयत्न केलेला मी पाहिला.

"काही अडलंय का, चाचा?"

"नाय शेठ. चालवून घेऊ."

महिना भरला तसे म्हणाले, "आता श्रीवर्धनला मुलीकडे जातो. डोळे थकले." मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस भाव करतोय. मी आवाज चढवला, "पगाराचं बोलायचं तर सरळ बोला!"

"बोलायचं काहीच नाही, शेठ." माऊस पुसून जागेवर ठेवला आणि गेले.

पुढच्या लग्नसराईत गिऱ्हाइकांनी माझी फजिती केली. आखातातली पोरं फोटोत भुतासारखी दिसत होती. झक मारत पैसे भरून ते सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं आणि चाचांना बोलावायला फोन केला. मुलीने उचलला. "अब्बा गेले, काका. चार महिने झाले."

त्या दुपारी मी ती फाइल उघडली. चाची उभ्या होत्या. मांडवातल्या दिव्यांचा पिवळा उजेड चाचांच्या टोपीवर पडला होता तसाच त्यांच्या ओढणीवर पडला होता. सावली खरी होती. मी तारीख पाहिली. फाइलमध्ये शेवटचा बदल निकाहनंतर महिन्याभरात झालेला. त्यानंतर एक ठिपका हललेला नव्हता.

इतकी वर्षं ते नुसते उघडून बसत होते.

माझा त्यांच्यावर राग आहे, अजून आहे. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. जगाशी भांडलो, पण या माणसाने मागितलं असतं तर पहिल्या बोलीत हो म्हटलं असतं. असं मी म्हणतो. त्या दिवशी काय म्हटलं असतं, ते देवालाच ठाऊक.

मोठी प्रिंट काढून मुलीला पाठवली. फाइल ठेवून घेतली. आता लोक फोटो मोबाइलवरच काढतात, दुकानात दिवस दिवस कुणी फिरकत नाही. तरी दर महिन्याला कंपनी सांगेल तेवढे भरतो. डबा झाला की रुमालाने माऊस पुसतो आणि चाचांच्या खुर्चीत बसतो.

परवा शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला. "शेठ, कामात का?"

"हो," मी म्हणालो. "उजेड जुळत नाहीये."