फुली मारलेला डबा

माझा मामा शिंपी आहे. सांगितलेल्या तारखेला त्याच्याकडून कपडा मिळेल अशी आशा धरू नये, पण मिळाला की अंगावर असा बसतो की भांडायला आलेली बाई आरशासमोरून हलत नाही. मी त्याची सख्खी भाची. त्याच्या दुकानात काजं-बटणं करते, आणि तारीख चुकली की गिऱ्हाइकांची बोलणी खायचं कामही माझ्याकडेच आहे. मामा तेव्हा मशीनच्या मागे मान खाली घालून सुई ओवत असतो. ओवलेलीच सुई पुन्हा ओवतो!

या माणसाकडे बघून कुणालाही वाटणार नाही, पण लग्नाआधी तो दरवर्षी आठ दिवस मालगाडीतून हिंडायचा. शाळेच्या गणवेशांची घाई संपली की शिंप्याच्या दुकानात माशा मारायची वेळ येते. त्या दिवसांत हा दुकानाला कुलूप लावायचा, पिशवीत पाव, उकडलेली अंडी, पाण्याचा डबा आणि कापडाच्या चिंध्या भरून शिवलेली एक जाड उशी घ्यायचा, आणि यार्डाच्या मागच्या बाजूने जाऊन रिकाम्या डब्यात चढून बसायचा. गाडी जाईल तिकडे जायचं. कुठे जायचं ते ठरवायचं नाही.

"अरे पण उतरायचास कुठे?" मी एकदा विचारलं.

"गव्हाला विचारतं का कुणी, कुठे उतरणार म्हणून? मी आपला माल होतो."

अशी उत्तरं. त्याने त्या डब्यांतून मिठागरं बघितली, कोळशाच्या खाणी बघितल्या. एकदा तर सकाळी डोळे उघडले तेव्हा समोर दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, कारण गाडी पुलावर थांबली होती. हे सांगताना त्याचे हात मशीनवरून उठतात आणि समोरच्या बाईचं माप राहून जातं. हनुवटीवर एक व्रण आहे, तोही तिथलाच. "चालत्या गाडीला कधी हात घालू नये," असं तो मोठ्या तोंडाने सांगतो. व्रण कशाने पडला ते विचारलं की पुन्हा सुई ओवायला घेतो.

त्याचे नियम होते. पाइप किंवा लाकडं भरलेल्या डब्यात बसायचं नाही, माल सरकला तर चटणी. दाराला खाली दगडाची पाचर लावायची, नाहीतर धक्क्याने दार बंद होऊन आत अडकायला होतं. आणि सगळ्यात मोठा नियम, चढण्याआधी डब्यावर खडूची फुली आहे का ते बघायचं. फुली म्हणजे डबा बिघडलेला. यार्डातले तपासनीस प्रत्येक चाकावर हातोडी मारून कान देतात, आणि आवाज बरोबर नसला की फुली मारतात. मग तो डबा गाडीतून तोडून बाजूच्या रुळावर टाकला जातो. त्यात बसलेला माणूसही तिथेच राहतो.

आणि हाच नियम मामाने मोडला, दोन्ही बाजू बघूनच चढलो होतो असं तो सांगत असला तरी. एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो डब्यात झोपलेला, जाग आली तर चाकांचा आवाज नाही, पुढे गाडी नाही, मागे गाडी नाही. गवतात एकटा डबा आणि डब्यात हा. खाली निळ्या गणवेशात, खांद्यावर हातोडी टाकून एक बाई उभी.

"उतरताय," बाईंनी विचारलं, "का वर बसल्या बसल्याच दुरुस्त करू?"

ती माझी मामी. त्या यार्डातली तपासनीस.

मामीने त्याला पोलिसात दिलं नाही, चहा दिला. डब्याखाली मिस्त्री चार दिवस शोधत बसले, दोष काही सापडेना. "इतका खोल बिघाड होता," असं मामा आजवर सांगत आलाय. ते चार दिवस मामा त्याच यार्डात राहिला. डब्याच्या पायरीवर बसून त्याने सगळ्या कामगारांच्या गणवेशांना ठिगळं लावली, तुटलेली बटणं लावली, आणि चौथ्या दिवशी तपासनीसबाईंच्या नव्या सदऱ्याचं माप घेतलं. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

मामीची एकच अट होती. "मी नोकरीत आहे तोवर मालगाडीला हात लावायचा नाही. तपासनीसबाईचा नवरा डब्यात सापडला तर माझ्या नोकरीचं काय?" मामाने कानाला खडा लावला. आणि पाळलं हो त्याने, एकतीस वर्षं! ज्या माणसाला एका झंपरची तारीख पाळता येत नाही, त्याने.

पण दुकानामागून रोज दहा वाजून वीस मिनिटांनी मालगाडी जाते, तेव्हा मशीन थांबतं. मामा डबे मोजतो आणि शेवटचा गेला की पुन्हा पाय मारायला लागतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मामीच्या निवृत्तीच्या तारखेला त्याने लाल दोऱ्याचा टाका घातला होता. त्या दिवसापासून तो मोकळा. एकदाच, एकच फेरी, मग पुरे, असं त्याने मला शंभरदा तरी सांगितलं असेल.

आता तो पासष्टचा. उजवा गुडघा पार गेलेला. डॉक्टरांनी पुढच्याच महिन्यात ऑपरेशन सांगितलं आणि वर बजावलं की त्यानंतर चढउतार, उड्या सगळं बंद. म्हणजे मामीची निवृत्ती आणि ऑपरेशन यांच्यामध्ये अठरा दिवस. एकतीस वर्षं वाट बघून हाताशी आले ते अठरा दिवस! एकदा दुपारी जेवून आले तर हा कापड कापायच्या टेबलावर चढायच्या खटपटीत.

"हे काय चाललंय?"

"पडद्याचं माप घेतोय."

"दुकानात पडदा कुठाय?"

"म्हणूनच माप घेतोय."

आता अशा माणसाला काय म्हणावं! मी टेबलाखाली उशी सरकवून ठेवली आणि काजं करायला बसले. एक पाय वर जायचा, दुसरा जायचा नाही. मला ते बघवेना.

मामीला हे सगळं कळत होतं. तिला निरोपाची भेट काय हवी असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तिने घड्याळ मागितलं नाही, कपाट मागितलं नाही. मालगाडीच्या शेवटी असणाऱ्या गार्डच्या डब्यातून पुढच्या जंक्शनपर्यंत दोघांना जायची लेखी परवानगी मागितली. साहेबांनी सही केली. मामी तो कागद घेऊन दुकानात आली तर मामाचं तोंड कडू.

"परवानगी काढून कुणी पेरू चोरतं का?" म्हणाला.

"मग बसा घरी," मामी म्हणाली. तिच्या नाकावर कायम राग असतो, पण त्या दिवशी तो खरा नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी यार्डाच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब बोलायला उभे राहिले. "बाईंनी चौतीस वर्षांत बिघडलेला एक डबा पुढे जाऊ दिला नाही, आणि चांगला एक डबा अडवला नाही. एकही फुली चुकीची नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामीला एकदम ठसका लागला, आणि ती बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल.

टाळ्या चालू असतानाच मामाची खुर्ची रिकामी दिसली. मी बाहेर धावले. मालगाडी रुळावर उभी होती, सुटायला अर्धा तास होता. हा मधल्या एका रिकाम्या डब्यापाशी. इस्त्रीचा सदरा, बगलेत ती चिंध्यांची उशी. आधी त्याने डब्याची दोन्ही अंगं नीट निरखली, फुली नाही ना म्हणून. मग दांडा पकडला, डावा पाय पायरीवर ठेवला आणि उजवा उचलला. नाही आला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांनी गुडघा धरून वर ओढला, तेव्हा त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो मला पुन्हा ऐकायचा नाही.

तो खाली उतरला. दांडा मात्र सोडला नाही.

"झालं," मला म्हणाला. "राहिलंच की गं."

माझ्या डोळ्यांत पाणी. तेवढ्यात मागून मामी आली, एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्या हातात तिची हातोडी. मामा तिच्याकडे न बघताच म्हणाला, "त्याच वेळी थांबायला हवं होतं. फुली मारलेल्या डब्यात चढलो, तेव्हाच माझी नजर गेली होती. आता पाय गेला. मी काय मालगाड्यांच्या गोष्टी सांगायच्या!"

मामीने गुच्छ माझ्या हातात कोंबला.

"तो डबा ठणठणीत होता," ती म्हणाली.

"कुठला?"

"तुमचा. एकतीस वर्षांपूर्वीचा. त्याला काहीही झालेलं नव्हतं."

मामाने दांडा सोडला.

"त्याच्या आधी दोन वर्षं तुम्ही आमच्या यार्डातून गेलात," मामी म्हणाली. "त्याच आठवड्यात, तसेच आत लपून. कुणाला दिसत नाही असं वाटायचं तुम्हाला! मोजे बाहेर दारावर वाळत घातलेले. मी चाकं तपासत होते आणि डोक्यावर मोजे. टाचेला असं सुरेख रफू केलेलं, की मी हातोडी खाली ठेवून बघत बसले. म्हटलं, फुकट्या माणसाचे मोजे इतके नीट कसे? दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच मोजे, रफू आणखी वाढलेलं. तिसऱ्या वर्षी मीच वाट बघत होते. आलात. आत घोरत होता. मी फुली मारली."

"मुद्दाम?"

"मग काय चुकून? मिस्त्री दर दोन तासांनी येऊन सांगायचा, बाई, काही सापडत नाही. मी म्हणायचे, अजून बघ."

मला वाटलं, आता हा रडणार किंवा हिला मिठी मारणार. पण माझा मामा! त्याने पहिलं काय विचारावं?

"म्हणजे मी चढलो तेव्हा डब्यावर फुली नव्हती?"

"नव्हती."

"मी बघून चढलो होतो! मी तेव्हापासून सांगतोय, मी दोन्ही बाजू बघितल्या होत्या!" तो माझ्याकडे वळला. "ऐकलंस ना? माझी चूक नव्हती!"

"ऐकलं रे बाबा."

मग बाकीचं त्याच्या डोक्यात शिरलं. तो कानापर्यंत लाल झाला, आणि एकदम धीर गळाल्यासारखा म्हणाला, "अगं, मग एकतीस वर्षं बोलली का नाहीस?"

"चौतीस वर्षांत एवढी एकच खोटी फुली. नोकरीत असताना कुणाला सांगणार?" मामी म्हणाली. "आणि तुम्ही तरी कुठे गेलात? सकाळ-संध्याकाळ पॅसेंजर सुटत होती त्या स्टेशनातून. चार दिवस कुणाची बटणं लावत होता?"

मामाने सदऱ्याच्या खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला, वाकून पँटवर उजव्या गुडघ्यावर फुली मारली आणि म्हणाला, "हा दुरुस्तीला. बाकी गाडी सोडा." आणि मामीचा हात धरून, लंगडत, गार्डच्या डब्याकडे निघाला. तिथे पायऱ्या रुंद होत्या. मामीने वरून हात दिला, मी खालून ढकललं. गार्डने परवानगीचा कागद मागितला तेव्हा मामाने तो असा पुढे केला जसा काही पासपोर्टच.

गाडी हलली. मी गुच्छ घेऊन रुळाशेजारी उभी. गार्डच्या डब्याला मागे कठडा घातलेली छोटी मोकळी जागा असते, तिथे ती दोघं चिंध्यांच्या उशीवर दाटीवाटीने बसली होती. मामा हात करून काहीतरी दाखवत होता आणि मामी मान हलवत होती. गाडी वळणावर गेली तेव्हा बघितलं, तर त्यांनी कठड्यावर मोजे वाळत घातले होते. कोरडे मोजे, दोन जोड्या.