चुकली की थांबणारी व्हायोलिनवाली

व्हायोलिनची पदवी पहिल्या वर्गात घेऊन ती बाहेर पडली, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हिच्यासाठी लोक दारात रांगा लावतील. रांगा कसल्या, साधी चौकशी करायलाही कुणी फिरकलं नाही. मिळाल्या त्या दोन-तीन शिकवण्या, आणि कुठल्या तरी समारंभात कोपऱ्यात उभं राहून वाजवायचं, तेही जेवणाऱ्यांच्या काट्या-चमच्यांच्या खणखणाटात. तरीही ती रोज केस नीट बांधून सराव करायची. वेडी म्हणा हवं तर, पण मला तिचं हे वेड फार आवडायचं.

मग एका नाट्यगृहात रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसणाऱ्या वाद्यवृंदातली एक खुर्ची रिकामी झाली. संचालक म्हणाले, "महिनाभर वाजव. जमलं तर खुर्ची तुझी."

पोरगी वाजवायची सुरेख, पण चुकली की थांबायची. इतकी वर्षं जरा बोट घसरलं की तिचे सर हात वर करायचे आणि परत पहिल्यापासून! आता हात वर करायला सर नव्हते, तर ही स्वतःच थांबायला लागली. पहिल्याच तालमीत तिनं व्हायोलिन खाली घेतलं आणि म्हणाली, "सॉरी, पहिल्यापासून घेऊ या?" बाकीचे तोवर कुठल्या कुठे पोचले होते. संचालकांनी ताल द्यायची काठी खाली ठेवली.

"बाई, इथे पहिल्यापासून म्हणजे उद्या."

सगळा खड्डा हसला. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'पदवीधर'. "पदवीधर, जरा सरकून बसा." "पदवीधर, दिवा लावा." शेजारी बसणारे म्हातारे व्हायोलिनवाले, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते तेवढे हसले नाहीत. मधल्या सुट्टीत चहा पिताना म्हणाले, "चुकीच्या मागे धावू नकोस गं पोरी. ती काही तुझी पर्स घेऊन पळालेली नाही."

हे पटायला सोपं होतं. पण सवय जडलेली हाताला, आणि हाताला कोण समजावणार?

ती राहायची मावशीकडे. मावशी कपडे शिवायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत भाचीचा सराव, मध्ये पडदा. मावशीला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भाचीचा चेहरा पडलेला तिला लगेच कळायचा. सगळी हकीकत ऐकून तिनं फर्मान काढलं, "सराव करताना थांबलीस, तर त्या दिवशीच्या सगळ्या कपड्यांना इस्त्री तू करायची."

आणि स्वतः पडद्याआडून खोड्या सुरू केल्या. ऐन रंगात आलं की मोठ्यानं विचारायची, "अगं, गॅस बंद केलास का?" कात्री पाडायची. मुद्दाम खोकायची. भाची दचकायची, चुकायची, थांबायची आणि निमूटपणे इस्त्री हातात घ्यायची. गिऱ्हाइकं मात्र बेहद्द खूश. कपड्यांना इतकी कडक इस्त्री त्या घरात कधी झाली नव्हती.

एके दुपारी मावशीनं बटणांचा अख्खा डबा फरशीवर पालथा केला. भाचीचं बोट घसरलं, सूर वाकडा लागला, पण ती पुढे गेली. शेवटपर्यंत गेली.

"हात्तिच्या!" मावशी बटणं वेचत म्हणाली. "म्हणजे इस्त्री आता माझ्याच नशिबी आली." आणि डोळे पुसून तिनं चहा टाकला.

महिन्याच्या शेवटच्या प्रयोगाला मावशी पहिल्यांदाच नाट्यगृहात आली आणि मागे बसली. नाटकात एक जागा अशी होती की नायिका खाली कोसळते, सगळी वाद्यं थांबतात, आणि मोठ्या शांततेनंतर सगळे मिळून पुन्हा सुरू करतात. आमच्या पदवीधर बाईंनी त्या शांततेतच गज ओढला. एकटीनं!

दादांनी डोळे मिटून घेतले. संचालकांची मान गर्रकन वळली. तिच्या ओठांवर 'सॉरी' आलं, पण गज थांबला नाही. तोच एक सूर तिनं बारीक बारीक करत लांबवला, सगळे येईपर्यंत धरून ठेवला आणि त्यांच्यात मिसळून गेली.

पडदा पडल्यावर संचालक तिच्यापाशी आले.

"चुकलीस."

"हो."

"भयंकर चुकलीस." त्यांनी तिची खुर्ची हलवून पाहिली. "उद्या लवकर ये. ही खुर्ची डुगडुगते, तुझ्यासाठी दुसरी बघायला हवी."

दादांनी तिच्या पाठीत असा धपका घातला की व्हायोलिन पडता पडता वाचलं.

बाहेर मावशी पायऱ्यांवर उभी होती. "खुर्ची मिळाली," एवढंच भाची कसंबसं म्हणाली. मावशीनं तिला जवळ घेतलं. "मिळणारच होती. आणि मध्ये सगळे गप्प असताना तू एकटीनं वाजवलंस ना, ते तर फारच छान!"

"मावशी, ती चूक होती गं."

"असेल बाई, मला काय कळतंय? बाकी सगळा वेळ मी कान देऊन बसले होते, पण इतक्या वाद्यांत तुझं कुठलं ते काही केल्या कळेना. तेवढीच एकदा मला तू ऐकू आलीस."