माझ्या इंग्रजी पत्रातली कुत्री

बी.ए. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती अमरावती रोडवरच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात. मुंबईच्या हेड ऑफिसला इंग्रजीतून पत्रं लिहायची, एवढंच काम. इंग्रजीची मला घमेंड होती. वडील गिरणीत कामाला होते. धम्मदीक्षा घेतल्यापासून पोरांना इंग्रजी आलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. जुन्या बाजारातून आणलेल्या वाक्प्रचारांच्या पुस्तकातून ते रोज पाच वाक्प्रचार माझ्याकडून पाठ करून घेत. अर्थ दोघांनाही ठाऊक असत, पण ते आले कुठून हे पुस्तकात नव्हतं.

मे महिन्यातल्या आंधीत गोदामाचे टिनाचे पत्रे उडाले. गोदामाचे कीपर पन्नाशीचे होते, मी त्यांना काकाजी म्हणायचो. त्यांनी माझ्याकडून दोन पत्रं लिहवून घेतली. उत्तर नाही. पावसाळा लागला, चहाच्या पेट्या भिजू लागल्या.

"जोरदार लिही गा," काकाजी म्हणाले. "हालत खराब होऊन राहिली म्हणा."

मी जोरदार लिहिलं : 'द गोडाऊन इज गोइंग टू द डॉग्ज.' लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश होऊन दोनदा वाचलं.

चौथ्या दिवशी तार आली : कुत्र्यांचा बंदोबस्त करा, इन्स्पेक्टर निघाले आहेत.

"कुत्रे?" काकाजींनी चष्मा पुसला. "आपल्याकडं कुत्रं कुठं आहे?"

गोदामाची पार वाट लागली, एवढाच त्याचा अर्थ, हे मी समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "काहून असं लिहिलं गा? आता साहेब येईन, अन् कुत्रं नाही दिसलं तं खोटं लिहिलं म्हणून मले घरी बसवन!"

मी म्हटलं, साहेबांना खरं सांगू. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरून शिळ्या पोळ्यांची पिशवी घेऊन आले आणि अमरावती रोडपासून गोदामाच्या दारापर्यंत तुकडे टाकत गेले. दुपारपर्यंत सहा कुत्री आत आली आणि कोरड्या पोत्यांवर पसरली. गोदामात कोरडी जागा कुठे आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

इन्स्पेक्टर आले ते छत्री घेऊन. पोत्यांवरची कुत्री बघून ते दारातच थबकले, मग खो खो हसत सुटले. "अहो, पत्र मी वाचलंय. आमच्या हेड ऑफिसच्या मॅनेजरसाहेबांना अर्थ कळला नाही, मी सांगितला तर पटला नाही. पण ही खरी कुत्री कुठून आणलीत?"

काकाजी माझ्याकडे बघू लागले. मी सगळं सांगून टाकलं.

चहा पिता पिता साहेब म्हणाले, "जे अन्न माणसांनी खाण्याजोगं उरायचं नाही, ते तिकडे इंग्रजांकडे कुत्र्यांपुढे टाकत. त्यावरून आलं म्हणतात. अजून असलं काय येतं तुम्हाला?"

"गॉन टू पॉट," मी हळूच म्हणालो.

"तेही तसलंच. मांसाचे तुकडे करून हंडीत टाकले की संपलं, परत धड होणं नाही."

"बरं झालं ते नाही लिहिलं," काकाजी म्हणाले. "मले हंड्या जमा करा लागल्या असत्या."

एवढ्यात वरून एक थेंब साहेबांच्या कपात पडला. त्यांनी वर बघितलं. पत्र्यांमधून ढग दिसत होते. मग छत्री उघडून तिच्याखालीच त्यांनी अहवाल लिहिला.

घरी वडिलांना हे सांगितलं तेव्हा तेही पोट धरून हसले. मग कुत्र्यांपुढच्या अन्नाशी येऊन थांबले. "आमच्या लहानपणी विटलेलं अन्न आधी आम्हाले द्यायचे," ते म्हणाले. "कुत्र्याचा नंबर मागून यायचा." त्यांनी पुस्तक काढलं आणि त्या वाक्प्रचारापुढे पेन्सिलीनं त्याचा उगम लिहून ठेवला. शाळेतल्या पोरासारखं, रेघ मारून.

पंधरा दिवसांत नवे पत्रे बसले. कुत्री मात्र जाईनात. ट्रकवाले माल उतरवायला आत यायला तयार होईनात. काकाजींनी पुन्हा पत्र लिहवलं. या वेळी मी अगदी साध्या शब्दांत लिहिलं : गोदामात सहा कुत्री आहेत.

मॅनेजरसाहेबांचं उत्तर आलं : छप्पर तर दुरुस्त करून दिलं, आता आणखी काय बिघडलं?

शेवटी काकाजींनीच रोज थोड्या थोड्या अंतरावर पोळ्या टाकत त्यांना बाहेर नेलं. त्याला महिना लागला. एक कुत्री पोत्यांमागं व्यालेली होती. तिला हाकलायला कोणाचं मन झालं नाही.