गोविंदभटजींना मी पायरीवरून परत पाठवलं

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. दादाच्या आजाराबद्दल कुणी विचारलं की तो कसा सावरला तेवढंच सांगत आलो. आता माझंही वय झालं. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे, त्यांना उरलेलंही कळायला हवं.

डॉक्टरांनी सीटी स्कॅन उजेडाकडे धरून सांगितलं, स्ट्रोक आहे. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पोहोचलं नव्हतं. उजवा हात-पाय लुळा, शिवाय अफेजिया. म्हणजे माणसाला समजतं, पण शब्द सापडत नाहीत. काशीत पन्नास वर्षं वेद म्हणणारा माझा थोरला भाऊ पाणी मागताना "ते... ते..." करून थांबायचा.

अकराव्या दिवशी त्याला भोसले घाटामागच्या आमच्या घरी आणलं. फिजिओथेरपी, म्हणजे हातापायांचे व्यायाम, तो मन लावून करायचा. चैत्र लागला होता. आमच्या मराठी घरांतून तेव्हा वसंतपूजा होतात. वैदिक एकत्र बसून मंत्र म्हणतात, मग पन्हं आणि वाटली डाळ. बोलावणं घरी येऊन करतात. दादा खुर्ची दाराकडे वळवून बसू लागला.

दादाच्या बरोबरीचे वैदिक गोविंदभटजी बोलावणं घेऊन आले तेव्हा तो आंघोळीला गेला होता. मी त्यांना पायरीवरच गाठलं.

"दादाला पाणी मागता येत नाही, सभेत काय म्हणणार? हसं होईल. पुन्हा विचारू नका."

दादाला त्रास नको, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर लाज मला वाटत होती.

शेजारच्या घरातली वसंतपूजा दादाने खुर्चीतून ऐकली. दुसऱ्या दिवसापासून व्यायाम बंद. भिंतीकडे तोंड करून पडायचा. डॉक्टरांनी डिप्रेशन, म्हणजे मन खचणं, असं निदान केलं आणि विचारलं, "दिन भर में इनसे मिलने कौन आता है?" मी औषधांची चिठ्ठी घेऊन उठलो.

महिन्याभराने वहिनी म्हणाल्या, "भावोजी, अंगावर पाणी पडलं की हे अख्खे मंत्र म्हणतात. घरात असून तुम्ही ऐकलं नाहीत?"

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. बोलणं गेलं तरी पाठ असलेलं पुष्कळदा टिकतं, म्हणाले. "मंत्रपाठ करवाइए. अकेले नहीं, सबके साथ."

मी गोविंदभटजींकडे जाऊन हात जोडले. "गणपतीत मंत्रजागर आहे, मीच धरून नेतो," ते म्हणाले. "पण तेव्हा तुम्ही..."

मंत्रजागर होता त्या घराला उंच पायऱ्या होत्या. व्यायाम म्हटलं की न हलणारा दादा पायऱ्या म्हटलं की काठी मागू लागला. दोन महिने आमच्याच जिन्यावर चढ-उतार केली. सभेत पहिल्या ओळीला अडखळला. बाकीच्यांनी ती ओळ सहज पुन्हा घेतली, आणि दादाचा आवाज त्यांच्यात मिसळला.

घरी आल्यावर बराच वेळ शब्द जुळवत तो म्हणाला, "मला... विसरले... नव्हते."

"नाही रे, कसे विसरतील?" मी म्हणालो. सांगायची वेळ तीच होती. मी त्याच्या उपरण्याची घडी घालत बसलो.

नंतर चार वर्षं, शेवटपर्यंत, तो दर सभेला गेला. तुमच्या माणसाच्या वतीने कुणाला नाही म्हणण्याआधी त्याला विचारा. बोलता येत नसेल तर मान हलवेल.

चार वर्षं मी रोज त्याच्याजवळ बसलो. एवढंच म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं: दादा, चैत्रातही बोलावणं आलं होतं. मीच परत पाठवलं. मला तुझी लाज वाटली. माझं चुकलं.