बोअरच्या मशीनपासून दूर

"दूर बसाडा तिले. बाई जोडे उभी ऱ्हायनी का पानी पयी जास."

बाई जवळ उभी राहिली की पाणी पळतं, असं मळ्याचे मालक नाना आमच्या सरांना म्हणाले, माझ्याकडे न बघता. चोपड्याजवळ त्यांची केळीची बाग. बोअरचं मशीन उभं, नारळ फोडलेला, अगरबत्ती लावलेली. मशीन चालवायचा लिव्हर धरायचा नंबर माझा होता. हातमोजे चढवून मी तयार.

सर म्हणाले, "तू कॉलेजच्या बसमध्ये जाऊन बस. त्यांची श्रद्धा आहे."

बसले. काय करणार होते?

धुळ्याच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी खाणकाम आणि पेट्रोलियमचा कोर्स करते. वर्गात मुलगी मी एकटी, सातपुड्याच्या पाड्यावरचीही एकटीच. खानदेशात तेलाची विहीर कुठून आणणार, म्हणून आमचं प्रॅक्टिकल पाण्याच्या बोअरवर. स्वतःच्या हातानं मशीन चालवल्याशिवाय पास नाही. पास नाही तर गुजरातेत तेलविहिरीवर नोकरी नाही. आणि मी बसच्या काचेतून लिव्हरवरचे मुलांचे हात बघत होते.

संध्याकाळपर्यंत नुसता फुफाटा निघाला. नाना तरातरा बसजवळ आले.

"ईनी सावली पडनी मशीनवर, म्हनीसन पानी लागनं नही."

सरांनी मला खाली उतरवून नानांची माफी मागायला लावली. मी मागितली. कशाची, ते मला आजही कळलेलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बांधावर नानांची सून रिकामा हंडा घेऊन उभी होती. तिलाही मशीनजवळ येऊ दिलं नव्हतं. जन्मभर पाणी डोक्यावरून वाहायचं तिनं, आणि पाणी पळतं तेही म्हणे तिच्याच पायगुणानं. माझं डोकं सणकलं.

घरी आईला सांगितलं. ती कापूस वेचून नुकतीच आली होती. सोसून घे म्हणाली, सर्टिफिकेट हातात पडू दे. मला तिचा राग आला नाही. तिला दुसरं काही कोणी शिकवलंच नव्हतं.

पुढचं प्रॅक्टिकल मुक्ताईनगरकडे. पूजा झाली आणि सरांनी माझ्याकडे बघून बसच्या दिशेनं मान हलवली. या वेळी मालक काहीच बोलला नव्हता. तो तर आपल्या फोनमध्ये गुंग होता. म्हणजे श्रद्धा मालकाची नव्हती. मला दूर बसवायची सरांनाच सवय लागली होती. ते त्या क्षणी मला लख्ख दिसलं.

"मी बसणार नाही, सर."

"मग शून्य देईन."

"द्या."

लिव्हर मिळाला नाहीच. दिवसभर उन्हात मशीनशेजारी उभी राहिले. शून्य मिळालं.

परवा पुन्हा प्रॅक्टिकल आहे. सर तेच, बस तीच. लिव्हर देणं त्यांच्या हातात आहे, माझ्या हातात काही नाही. बहुतेक वर्ष जाईल. जाऊ दे. नापास करायचं तर त्यांना मला मशीनजवळ उभी बघून करावं लागेल. तिथून मी हलणार नाही. आणि माफी आता कोणाचीच मागणार नाही.